एकशिंगी देवमासा आणि दलदलीतलं फळ : तुलना कशाची, कशासाठी?



आजच्या विषयाचं नाव वाचून तुमच्यापैकी काहींना गंमत वाटली असेल. एका बाजूला नार्व्हल नावाचा देवमासा आणि दुसऱ्या बाजूला क्लाउडबेरी नावाचं रानफळ. यांची तुलना करायची तरी कशी, आणि मुळात का करायची? प्रश्न रास्त आहे. आजचं सगळं व्याख्यान म्हणजे या प्रश्नाचं उत्तर आहे, असं समजा. उत्तर देण्यासाठी आपल्याला थोडा इतिहास आणि थोडं तर्कशास्त्र लागेल.

आधी दोघांची ओळख करून घेऊ.

नार्व्हल हा ग्रीनलंड आणि कॅनडाच्या उत्तरेकडच्या गोठलेल्या समुद्रात राहणारा प्राणी. लांबी चार-पाच मीटर, वजन दीड टनापर्यंत. नराच्या वरच्या जबड्यातला डावा दात ओठातून आरपार बाहेर येतो आणि पिळाच्या काठीसारखा सरळ पुढे वाढत जातो. तो अडीच-तीन मीटर लांबसुद्धा होतो. दिसायला शिंग, पण आहे दात. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोटाळा इथूनच सुरू होतो.

क्लाउडबेरी हे नॉर्वे, स्वीडन, फिनलंड, रशिया, कॅनडा इथल्या थंड दलदलीत उगवणारं झुडूप. झुडूप तरी कशाला म्हणायचं, जेमतेम वीतभर उंची. एका दांड्यावर एकच पांढरं फूल आणि त्याचं एकच फळ. नर-झाड वेगळं, मादी-झाड वेगळं. फळ कच्चं असताना लाल असतं आणि पिकलं की मधासारखं पिवळं होतं, म्हणजे आपल्या सवयीच्या उलटा क्रम. महाबळेश्वरला तुम्ही रासबेरी खाल्ली असेल, तर तिची ही उत्तरेकडची चुलत बहीण. दोघींची प्रजाती एकच, रुबस. नॉर्वेत या फळाला मुल्ते म्हणतात.

दोघांनाही शास्त्रीय नाव दिलं स्वीडनच्या कार्ल लिनियसनं. फळाला 1753 साली ‘रुबस कॅमिमोरस’ आणि देवमाशाला 1758 साली ‘मोनोडॉन मोनोसेरॉस’. आता या नावांचे अर्थ बघा. कॅमिमोरस म्हणजे जमिनीलगतचं तुतीचं झाड. मोनोसेरॉस म्हणजे एकशिंगी. खरं तर ते फळ तुतीच्या कुळातलं नाही आणि देवमाशाला शिंग नाही. दोन्ही नावं तुलनेतून आली आहेत. हे अमक्यासारखं दिसतं, म्हणून याला अमकं म्हणू. मराठीत आपणही तेच केलं. देवमासा हा मासा नाही, सस्तन प्राणी आहे, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतं, पण दिसतो माशासारखा म्हणून तो मासाच राहिला.

आपल्याकडच्या न्यायदर्शनात अशा तुलनेला स्वतंत्र प्रमाण मानलं आहे. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द, अशी चार प्रमाणं. उपमानाचं नेहमीचं उदाहरण म्हणजे गवय, रानगाय. गावातल्या माणसानं गवय कधी पाहिलेला नसतो. त्याला रानातला कोणी सांगतो की गवय गाईसारखा असतो. मग हा माणूस रानात जातो, त्याला गाईसारखा एक प्राणी दिसतो आणि तो ओळखतो, हाच तो गवय. नैयायिक इथं फार काटेकोर आहेत. उपमानानं काय कळतं? फक्त एवढंच, की हे नाव या वस्तूचं. त्या वस्तूचे गुण काय, ती दूध देते की नाही, हे उपमानानं कळत नाही. त्यासाठी दुसरं प्रमाण लागतं.

युरोपनं नार्व्हलच्या बाबतीत नेमकी ही मर्यादा ओलांडली.

एकशिंगी घोड्याची, युनिकॉर्नची कल्पना तिथं प्राचीन काळापासून होती. त्याचं शिंग विषावर उतारा आहे, असा समज होता. मध्ययुगात ग्रीनलंडकडून नॉर्स व्यापाऱ्यांमार्फत नार्व्हलचे दात युरोपच्या बाजारात येऊ लागले. लांब, सरळ, पिळदार. विकत घेणाऱ्यानं तो प्राणी कधी पाहिलेलाच नव्हता. वर्णनाशी जुळलं, झालं, हेच ते शिंग! आणि नाव जुळल्याबरोबर गुणही जुळले असं धरलं गेलं. राजेलोक हा दात सोन्याहून महाग भावानं घेऊ लागले. त्याचे पेले झाले, त्याची पूड औषध म्हणून विकली गेली. लंडनच्या औषधविक्रेत्यांची संस्था 1617 साली स्थापन झाली, तिच्या मानचिन्हावर दोन्ही बाजूंना युनिकॉर्न उभे आहेत.

त्या काळी कोणी परीक्षाच केली नाही, असं समजू नका. परीक्षा केल्या होत्या. 1577 साली मार्टिन फ्रोबिशर हा इंग्रज दर्यावर्दी कॅनडाच्या उत्तरेला गेला असताना त्याच्या माणसांना एक मेलेला नार्व्हल सापडला. शिंग पोकळ होतं, म्हणून खलाशांनी त्यात कोळी सोडले. कोळी विषारी मानला जाई. कोळी मेले. निष्कर्ष काय, तर शिंगात विषनाशक शक्ती आहे. हा प्रसंग लिहून ठेवणाऱ्यानं प्रामाणिकपणे हेही लिहिलं आहे की आपण तो प्रयोग स्वतः पाहिला नाही, पण खात्रीच्या माणसांकडून ऐकला. ते शिंग पुढे एलिझाबेथ राणीच्या खजिन्यात गेलं.

आता विचार करा. ते कोळी दुसऱ्या कुठल्या पोकळ हाडात सोडले असते, तर जगले असते का? हा प्रश्न कोणी विचारला नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. काकतालीय न्याय आपण म्हणतो तो हाच.

पुढचा टप्पा याहून बोलका आहे. 1638 साली कोपनहेगनमध्ये ओले वर्म या वैद्यकाच्या प्राध्यापकानं नार्व्हलची कवटीच दाखवून सिद्ध केलं की बाजारातलं युनिकॉर्नचं शिंग म्हणजे या प्राण्याचा दात आहे. वर्गीकरणाची चूक दुरुस्त झाली. मग औषधावरचा विश्वास गेला असेल? नाही गेला. खुद्द वर्मनंच पुढे जनावरांना विष देऊन, मग त्या दाताची पूड चारून तिचा गुण येतो का ते पाहिलं. आणि या सिद्धतेनंतर पंचवीस-तीस वर्षांनी त्याच कोपनहेगनमध्ये डेन्मार्कच्या राजासाठी राज्याभिषेकाचं सिंहासन तयार झालं, ते नार्व्हलच्या दातांचं. 1671 मध्ये ते पूर्ण झालं आणि आजही रोझेनबोर्ग राजवाड्यात पाहायला मिळतं. लंडनच्या अधिकृत औषधसूचीत तर हे शिंग अठराव्या शतकापर्यंत टिकून होतं. चूक दाखवून दिली म्हणजे समजूत जाते, असं आपण तत्त्वज्ञानाचे शिक्षक फार भाबडेपणानं मानतो. ज्या समजुतीत पैसा आणि प्रतिष्ठा गुंतलेली असते, ती चुकीपेक्षा जास्त दिवस जगते.

इथवर झाली शिंगाची गोष्ट. त्या प्राण्याच्या अंगावर खरं औषध होतं ते वेगळंच. ते समजून घ्यायला एका आजाराकडे वळावं लागेल.

स्कर्व्ही. महिनोन्‌महिने समुद्रावर, किंवा बर्फात अडकून राहिलेल्या माणसांना हा आजार होई. हिरड्या सुजतात, दात हलतात, पायांवर काळे-निळे डाग पडतात, अंगातली शक्ती जाते, जुन्या भरलेल्या जखमा पुन्हा उघडतात आणि माणूस मरतो. आज आपल्याला कारण माहीत आहे. क जीवनसत्त्व. माणसाचं शरीर ते तयार करू शकत नाही, खाण्यातूनच मिळावं लागतं. लागतं किती? दिवसाला सुमारे 10 मिलिग्रॅम मिळालं तरी स्कर्व्ही टळते. आपल्याकडे एखाद्या आवळ्यात याच्या कितीतरी पट असतं, त्यामुळे या आजाराची दहशत आपल्या घरगुती आठवणीत फारशी नाही. पण ज्या देशात वर्षातले आठ-नऊ महिने हिरवं पान दिसत नाही, तिथं हे 10 मिलिग्रॅम आणायचे कुठून?

आणि इथं आपले दोन पाहुणे एका ओळीत येऊन बसतात. पिकलेल्या क्लाउडबेरीत दर 100 ग्रॅममागे साधारण 50 ते 150 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं. शिवाय तिच्यात बेन्झोइक आम्ल निसर्गतःच असतं, म्हणून ती न नासता पुष्कळ दिवस राहते, पिंपात भरून हिवाळ्यासाठी ठेवता येते. आणि नार्व्हलची कातडी? ग्रीनलंडचे इन्युइट लोक तिला आतल्या चरबीच्या थरासकट कच्ची खातात आणि मत्ताक म्हणतात. तिच्यात 100 ग्रॅममागे 30 मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असतं. म्हणजे दिवसाला चार-दोन तुकडे खाल्ले तरी माणूस स्कर्व्हीपासून वाचला. नार्व्हलचा जवळचा नातेवाईक असलेला पांढरा देवमासा, म्हणजे बेलुगा, त्याच्या कातडीचीही हीच गोष्ट.

म्हणजे बघा, दिसण्यावरून तुलना केली तर नार्व्हल जातो युनिकॉर्नच्या शेजारी आणि क्लाउडबेरी जाते तुतीच्या शेजारी. वर्गीकरणाच्या दृष्टीनं पाहिलं तर एक प्राणी, एक वनस्पती, संबंध संपला. पण ‘ध्रुवाजवळच्या हिवाळ्यात माणसाला जिवंत काय ठेवतं?’ असा प्रश्न विचारला, की दोघं शेजारी-शेजारी येतात. तुलना वस्तूंमध्ये आपोआप पडलेली नसते. तुम्ही कोणता प्रश्न हातात घेऊन जाता, त्यावर ती ठरते.

हा केवळ शब्दांचा खेळ नाही. प्रश्न चुकला की माणसं मरतात. त्याचं एक उदाहरण सांगतो.

1619 साली डेन्मार्क-नॉर्वेचा राजा चौथा ख्रिश्चन यानं येन्स मुंक या कप्तानाला आशियाकडे जाणारा वायव्येचा मार्ग शोधायला पाठवलं. दोन जहाजं, साठांहून अधिक माणसं. मोठ्या जहाजाचं नाव होतं ‘एनहियोर्निंगेन’, म्हणजे डॅनिश भाषेत युनिकॉर्न! मुंक हडसन उपसागरात पोचला आणि आज जिथं चर्चिल नावाचं गाव आहे, तिथं हिवाळ्यासाठी अडकला. हे चर्चिल आज कशासाठी प्रसिद्ध आहे माहीत आहे? उन्हाळ्यात तिथल्या नदीच्या मुखाशी बेलुगा देवमासे हजारोंनी येतात. आणि भोवतीच्या दलदलीत क्लाउडबेरी उगवते.

मुंकनं स्वतः लिहिलेला वृत्तांत उपलब्ध आहे. सप्टेंबरमध्ये एके सकाळी एक पांढरं अस्वल जहाजाजवळ आलं. कशासाठी, तर आदल्या दिवशी मुंकनं पकडलेला बेलुगा खायला. मुंकनं अस्वलाला गोळी घातली आणि खलाशांनी आवडीनं अस्वल खाल्लं. बेलुगाच्या कातडीकडे अन्न म्हणून पाहणं त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. अर्ध्याकच्च्या अस्वलाच्या मांसातून जंतांचा रोगही झाला असावा, असं काही आधुनिक अभ्यासकांना वाटतं. हिवाळा वाढला तशी माणसं पडू लागली. औषधांची पेटी होती, पण जाणकार मेल्यावर कोणतं औषध कशावर, हे सांगणारं कोणी उरलं नाही. जूनपर्यंत मुंक धरून तीनच माणसं जिवंत होती. बर्फ वितळल्यावर त्या तिघांनी रांगत जाऊन जमिनीतून फुटणारे हिरवे कोंब आणि मुळं चोखली, चघळली. काही दिवसांत त्यांच्यात बळ आलं आणि त्या तिघांनी छोटं जहाज हाकत नॉर्वे गाठलं. युनिकॉर्न नावाचं जहाज तिथंच राहिलं.

आता कोणी म्हणेल, स्थानिक लोकांचं ज्ञान युरोपीयांना कळलं नाही, एवढाच याचा अर्थ. अर्थ इतका सोपा नाही. क्लाउडबेरी स्कर्व्हीवर चालते हे नॉर्वेच्या सामान्य लोकांना माहीत होतं. बर्गेनच्या एका वैद्यानं ते कळवलं होतं आणि कार्ल क्लूसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या 1601 सालच्या लॅटिन ग्रंथात या फळाची नोंद आली होती. म्हणजे मुंक निघण्याच्या अठरा वर्षं आधी. नॉर्वे त्याच राजाच्या ताब्यात होतं. खुद्द मुंकचा जन्म नॉर्वेतला. तेव्हा ज्ञान परक्या लोकांकडे होतं असंही नाही, ते घरात होतं. फक्त ते शेतकऱ्याच्या घरात होतं आणि औषधांची पेटी भरली जायची औषधविक्रेत्याकडून.

बरं, मग लोकांचं ज्ञान ते सगळं खरं आणि ग्रंथातलं ते खोटं, असं म्हणायचं का? तेही चालणार नाही. युनिकॉर्नच्या शिंगावरचा विश्वास हादेखील लोकांचाच होता. दोन्ही परंपरेनं आलेल्या गोष्टी, एक खरी, एक खोटी. त्या वेगळ्या ओळखायच्या कशा? यासाठी आपल्या तर्कशास्त्रात अन्वय-व्यतिरेक आहे. ते असेल तर हे होतं का, आणि ते नसेल तर हे होत नाही का? दोन्ही बाजू पाहायच्या. कोळ्यांच्या प्रयोगात पहिली बाजू होती, दुसरी नव्हती.

दुसरी बाजू आणली जेम्स लिंड या जहाजावरच्या वैद्यानं. 1747 च्या मे महिन्यात ‘सॅलिसबरी’ या ब्रिटिश युद्धनौकेवर त्यानं स्कर्व्हीचे बारा रुग्ण निवडले, जवळपास सारख्याच अवस्थेतले. दोघादोघांच्या सहा जोड्या केल्या. सगळ्यांचं जेवण एकच. फक्त एका जोडीला सफरचंदाची दारू, एकीला सौम्य केलेलं गंधकाचं आम्ल, एकीला व्हिनेगर, एकीला समुद्राचं पाणी, एकीला लसूण-मोहरी वगैरेंचं चाटण, आणि एकीला संत्री व लिंबं. फळं सहा दिवसांतच संपली, पण तेवढ्यात त्या जोडीतला एक जण कामावर परतण्याइतका बरा झाला आणि दुसरा इतरांची शुश्रूषा करू लागला. लिंडचा ग्रंथ आला 1753 साली. योगायोग असा, की लिनियसनं क्लाउडबेरीला नाव दिलं तेही याच वर्षी.

पण गोष्ट इथं संपली नाही. ब्रिटिश नौदलानं लिंबाचा रस सरसकट द्यायला सुरुवात केली 1795 साली. बेचाळीस वर्षं! आणि लिंडलाही कारण सापडलं नव्हतं. दमट हवा, अडलेला घाम असंच काहीतरी तो धरून होता. म्हणून त्यानं रस आटवून टिकवण्याची पद्धत सुचवली, ज्यात गुणच उडून जातो. एकोणिसाव्या शतकात तर नौदलानं भूमध्य समुद्राकाठच्या पिवळ्या लेमनऐवजी वेस्ट इंडीजमधलं छोटं लाइम वापरायला घेतलं. दोन्ही आंबट, दिसायलाही जवळची, मग फरक काय पडतो? पुन्हा तेच, रूपावरून तुलना! लाइममध्ये क जीवनसत्त्व बरंच कमी. 1875 साली जॉर्ज नेअर्सची ब्रिटिश मोहीम उत्तर ध्रुवाकडे गेली आणि बर्फावरून घसरगाड्या ओढणाऱ्या तुकड्यांमध्ये स्कर्व्ही पसरली. त्यांच्याजवळ रस नव्हता, जहाजावर होता तो दुबळा होता. मोहीम लवकर आटोपून 1876 मध्ये परतावी लागली. लिंबाचा काही उपयोगच नसतो, असंही मग काही जाणकार म्हणू लागले. हातात आलेलं ज्ञान कारण न कळल्यामुळे निसटलं.

सगळेच आंधळे नव्हते, हेही सांगायला हवं. 1850 च्या दशकात अमेरिकन वैद्य एलिशा केन ग्रीनलंडच्या वायव्य किनाऱ्यावर दोन हिवाळे अडकला होता. त्याची माणसं तगली, त्यात इन्युइट लोकांनी दिलेल्या ताज्या मांसाचा मोठा वाटा होता. स्कॉटिश प्रवासी जॉन रे तर इन्युइटांसारखं राहून, खाऊन फिरला आणि त्याबद्दल इंग्लंडमधल्या अनेकांनी त्याला नाकं मुरडली.

कारण सापडलं ते विसाव्या शतकात. 1907 साली नॉर्वेत ॲक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिक यांनी गिनीपिगमध्ये आहारातून स्कर्व्ही निर्माण करून दाखवली. सेंट-ग्योर्गी यांनी वेगळं केलेलं द्रव्य हेच क जीवनसत्त्व, हे 1932 मध्ये स्पष्ट झालं. 1937 चं नोबेल त्यांना मिळालं. आणि त्यानंतर लगेच, 1930 च्या दशकाच्या अखेरीस, आर्ने हॉयगार्ड या नॉर्वेजियन डॉक्टरांनी पूर्व ग्रीनलंडमधला आहार तपासला, तेव्हा नार्व्हलच्या कातडीचा गुण आकड्यात मांडला गेला. शेकडो वर्षं युरोपनं त्या प्राण्याचा दात सोन्याहून महाग भावानं घेतला, ज्यात औषध काही नव्हतं. ज्यात होतं त्या कातडीला त्यांच्या लेखी किंमत नव्हती.

शेवटी पुन्हा न्यायदर्शनाकडे येतो. चौथं प्रमाण शब्द, म्हणजे विश्वासार्ह माणसाचं सांगणं. अशा माणसाला ‘आप्त’ म्हणतात. आप्त कोण? वस्तू ज्यानं स्वतः अनुभवली आहे आणि जशी अनुभवली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो. यावर भाष्य करताना वात्स्यायन एक फार मोठी गोष्ट सांगून जातो. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही सारखंच लागू आहे, असं तो म्हणतो. दीड हजार वर्षांपूर्वीचं हे वाक्य. सांगणारा कोणत्या कुळातला, कोणत्या भाषेचा, हे पाहायचं नाही. त्याला ठाऊक आहे का आणि तो खरं सांगतोय का, एवढंच पाहायचं. आपल्या समाजानं तरी हे किती पाळलं, हा प्रश्न आपण आपल्याला विचारायला हवा. रानातल्या माणसाला रानाचं काय कळतं हे विचारायला आपल्यातले किती जण गेले?

गवयाच्या उदाहरणातसुद्धा ओळख सांगणारा रानातला माणूसच आहे, हे आपण सहसा विसरतो. गावातला माणूस नुसतं सादृश्य घेऊन परत येतो. पण प्राण्याचा उपयोग काय, कशापासून जपायचं, हे विचारायचं असेल तर त्याला त्या रानातल्या माणसापाशी अजून थोडं थांबावं लागेल, आणि त्यानं सांगितलेलं अन्वय-व्यतिरेकानं तपासूनही घ्यावं लागेल. थांबणं आणि तपासणं, दोन्ही हवं. नुसतं थांबलं तर शिंगावरही विश्वास बसतो. आणि थांबलोच नाही, तर तपासायला काही हातात येत नाही. मुंकच्या माणसांसमोर तो बेलुगा पडला होता, तसा तो पडून राहतो.

आज फिनलंडच्या दोन युरोच्या नाण्यावर क्लाउडबेरी आहे. कधी हातात आलं तर जरूर बघा. पुढच्या व्याख्यानात आप्तवाक्याचा हाच धागा धरून आपण साक्षीपुराव्याच्या प्रश्नाकडे जाऊ.